नीन (क्रोएशिया): एक खांब, एक मिठागर आणि अर्ध्या तासात संपणारं गाव

खारेवारे (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मागे कुणीतरी विचारलं होतं, क्रोएशियात डुब्रॉव्हनिक आणि स्प्लिटची जत्रा टाळून समुद्राकाठी कुठे राहावं. मी "नीन" एवढाच प्रतिसाद टाकून गायब झाले, आणि लगेच खरडवहीत प्रश्न आला, "हे गावाचं नाव आहे की टायपो?" गावाचंच आहे. जूनमध्ये तिथे चार रात्री राहून आलो, म्हणून आता सविस्तर.

म्युनिकहून गाडीनेच गेलो. मी, नवरा, नववीतला लेक आणि पुण्याहून आलेल्या सासूबाई. ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया करत क्रोएशियात शिरलो तर धो धो पाऊस. सासूबाई म्हणाल्या, "पावसातच बसायचं होतं तर ताम्हिणी काय वाईट होती?" मग वेलेबिट डोंगराखालचा स्वेती रोक बोगदा लागला, साडेपाच किलोमीटरहून लांब. अलीकडे ओलं, हिरवंगार. पलीकडे बाहेर पडलो तर लख्ख ऊन, पांढराफटक खडक, खुरटी झुडपं आणि खाली समुद्र. आपल्याकडे घाट उतरला की हिरवं होतं, इथे बरोब्बर उलट.

नीन झादर शहरापासून १५-१६ किलोमीटरवर आहे. जुनं गाव म्हणजे उथळ खाजणात बसलेलं एक गोल बेट, व्यास साधारण ५०० मीटर. दोन बाजूंना दोन दगडी पूल. गाडी पुलाबाहेर ठेवायची आणि बॅगा ओढत आत जायचं. सासूबाईंची चाकाची बॅग दगडी फरसबंदीवर अशी खडखडत होती की दोन खिडक्या उघडल्या.

रोमन लोक या गावाला एनोना म्हणत. त्यांच्याही आधी इथे लिबर्नियन नावाचे दर्यावर्दी लोक राहत होते. गावाच्या मधोमध इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं, सम्राट व्हेस्पेशियनच्या काळात पूर्ण झालेलं देऊळ आहे. एड्रियाटिकच्या पूर्व किनाऱ्यावरचं सगळ्यात मोठं रोमन देऊळ म्हणून ते ओळखलं जातं. आता "सगळ्यात मोठं" वाचून ज्यांच्या डोळ्यांपुढे कलोसियम आलं त्यांनी जरा दमानं घ्यावं. उरलाय तो चौथरा, इतस्ततः पडलेले दगड आणि पुन्हा उभा केलेला एकच खांब. मागे घरं, घरांच्या मागे दोरीवर वाळत घातलेले टॉवेल. कुंपण नाही, तिकीट नाही. लेक चौथऱ्यावर बसून चिप्स खात होता आणि कुणी हटकलं नाही.

पहिल्या संध्याकाळी मी हिरमुसले होते, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला एकटीच गेले. ऊन तिरपं होतं, त्यामुळे खांबाच्या माथ्यावरची कोरीव पानं एकेक सुटी दिसत होती. एका पानाचं टोक तुटलंय, त्या खोबणीत चिमणीने काड्या कोंबल्यात. खाली पडलेल्या एका दगडावर तसंच पान, पण हाताच्या उंचीवर. त्याच्या शिरांवरून बोट फिरवलं. रात्रीच्या दवाने दगड गार होता. वरच्या खांबाकडे बघून जे कळत नव्हतं, ते या पडलेल्या दगडाने सांगितलं: पान किती खोल कोरलंय, अख्खं बोट आत जातं. खालून इतक्या लांबून दिसायला हवं म्हणून एवढं खोल.

देवळापाशी सम्राटांचे संगमरवरी पुतळेही सापडले. ऑगस्टस आणि टायबेरियस आता झादरच्या पुरातत्त्व संग्रहालयात उभे आहेत. देऊळ नीनमध्ये, पुतळे झादरमध्ये, त्यामुळे दोन्ही बघा आणि डोक्यात जुळवा.

जवळच पवित्र क्रुसाचं चर्च आहे, ९व्या शतकातलं. इतकं लहान की गाववाले त्याला जगातलं सगळ्यात लहान कथीड्रल म्हणतात. एकही भिंत सरळ नाही. गवंडी प्यायला होता असं सासूबाईंचं मत. एका अभ्यासकाचं मत वेगळं आहे: खिडक्या आणि भिंती सूर्याच्या वर्षभरातल्या जागा बघून मुद्दाम तशा बांधल्या. दाराच्या वरच्या दगडावर गोदेचाय नावाच्या स्थानिक सरदाराचं नाव कोरलंय.

आणि पुलापलीकडे मिठागर! अजून चालू आहे, अजून हाताने. रोमन काळापासून इथे मीठ पिकतंय. माझ्या मते नीनचा खरा रोमन अवशेष तो आहे. त्यावर पुढच्या भागात. आत्ता हात दुखले.

दगडफोड्या

लेख छान, पण दुसरी बाजू पण येऊ द्या. आम्ही झादरहून अर्ध्या दिवसासाठी गेलो होतो. चाळीस मिनिटांत गाव संपलं. एक खांब पाहिला, एक चर्च पाहिलं, पुतळ्याचा अंगठा घासला, आइस्क्रीम खाल्लं, परत. बायकोने विचारलं, "एवढ्यासाठी?" रोमनच बघायचं तर इस्त्रियातल्या पुला या शहरात जा, अख्खं अॅम्फिथिएटर उभं आहे. स्प्लिटमध्ये रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या राजवाड्यात लोक आजही राहतात. चार रात्री नीनमध्ये काय केलंत हे खरंच जाणून घ्यायचंय, टोमणा नाही.

शंकासुर

वाचनखूण साठवली. आता शंका:
१. एवढं मोठं देऊळ होतं तर गेलं कुठे? भूकंप?
२. व्हिसा?
३. गाडी नसेल तर?
४. "रोमन काळापासून मीठ पिकतंय" म्हणजे अखंड? की आपल्याकडे कुठल्याही देवळाला पांडवकालीन म्हणतात तसं?

खारेवारे

@दगडफोड्या, टोमणा असता तरी चाललं असतं. चाळीस मिनिटांत गाव संपतं हे अगदी खरं. बघण्याच्या गोष्टींची यादी करून गेलात तर तसंच होणार. पुला आणि स्प्लिट भव्य आहेत, वादच नाही. पण स्प्लिटच्या त्या चौकात मला दगड दिसलाच नाही, पाठीवरच्या सॅका दिसल्या.

चार रात्री काय केलं: सकाळी मिठागर, दुपारी झोप, संध्याकाळी पाण्यात. पाणी इतकं उथळ की लेक शंभर पावलं आत गेला तरी गुडघ्यापर्यंतच. समोर वेलेबिटची भिंत. राणीचा किनारा म्हणून वाळूची जागा आहे, तिच्या शेजारी काळा औषधी चिखल. लोक अंगभर फासून उन्हात उभे राहतात, म्हशींसारखे. सासूबाईंनी आधी नाक मुरडलं, मग दोन्ही गुडघ्यांना लावला, तिसऱ्या दिवशी डबा मागितला "घरी न्यायला". गुडघे बरे झाले का? त्यांच्या मते हो. जिने चढताना मात्र अजून "आई गं" ऐकू येतं.

@शंकासुर,
१. भूकंप नाही, माणसं. एक तर जुन्या देवळाचा दगड नव्या बांधकामाला वापरणं सगळीकडे चालतं. झादरला सेंट डोनाटचं गोल चर्च रोमन फोरमवरच, म्हणजे जुन्या रोमन चौकावरच, बांधलंय. पायात नीट बघा, खांबांचे तुकडे आणि लॅटिन अक्षरांचे दगड आडवे-तिडवे घातलेत. आपल्याकडे वीरगळ उलटा टाकून पायरी करतात, तसंच. त्यात हे गाव तुर्कांच्या हाती लागू नये म्हणून तेव्हा इथे राज्य असलेल्या व्हेनिसने स्वतःच १५७१ मध्ये जाळलं आणि १६४६ मध्ये पुन्हा उद्ध्वस्त केलं. राखणदारानेच.
२. १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये (युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांत) आहे आणि युरोही त्याच दिवशी आला. शेंगेन व्हिसा चालतो.
३. झादरहून बस आहे. रविवारी मात्र फेऱ्या कमी. आमच्या शेजारच्या खोलीतलं जोडपं शेवटच्या बसच्या भरवशावर झादरला राहिलं आणि रात्री टॅक्सीत भरपूर पैसे घालवून परतलं.
४. पकडलंत. अखंड नाही. मीठ हा व्हेनिसचा जीव की प्राण. आपली मक्तेदारी टिकवायला त्यांनी इथली मिठागरं बंद पाडली. आजचं मिठागर १९५५ पासूनचं. जागा, पाणी, वारा, ऊन आणि रीत जुनी. माझं वाक्य मागे घेते, अर्धंच.

शंकासुर

अर्धं मागे घेतलेलं मान्य. अंगठ्याचं काय प्रकरण आहे?

दगडफोड्या

ते मी सांगतो, तेवढंच मला आठवतंय. ग्र्गुर निन्स्की, म्हणजे नीनचा ग्रेगरी. १०व्या शतकातला इथला बिशप. प्रार्थना लॅटिनऐवजी लोकांच्या स्लाव्ह भाषेत व्हावी म्हणून भांडला. ९२५ च्या स्प्लिटच्या धर्मसभेत हरला आणि ९२८ मध्ये नीनचं बिशपपदच रद्द झालं. हजार वर्षांनी इव्हान मेश्ट्रोविच या शिल्पकाराने त्याचा पुतळा केला. मोठा स्प्लिटला, एक नीनमध्ये. पायाचा अंगठा घासला की इच्छा पूर्ण होते. त्यामुळे अख्खा पुतळा काळा-हिरवा आणि अंगठा सोन्यासारखा चकचकीत.

लोकभाषेसाठी धर्मसभेशी भांडलेला माणूस म्हटल्यावर आपल्याला कोण आठवतं ते सांगायला नको.

दर्यावर्दी

संग्रहालयाबद्दल कुणीच लिहिलं नाही? नीनमध्ये प्राचीन वस्तूंचं छोटं संग्रहालय आहे. मी त्या एकाच कारणासाठी गेलो होतो.

तिथे दोन प्रकारच्या होड्या आहेत. एक, ११व्या शतकातल्या क्रोएशियन होड्या. बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली सापडल्या, १९७४ मध्ये वर काढल्या. दगड भरून मुद्दाम बुडवल्या असाव्यात असं मानतात, शत्रूची गलबतं आत येऊ नयेत म्हणून. दुसरी त्याहून हजार वर्षं जुनी, पहिल्या शतकातली, शेजारच्या झाटोनमधली. झाटोन हे एनोनाचं रोमन काळातलं बंदर. ही होडी शिवलेली आहे. खिळे ठोकून फळ्या जोडलेल्या नाहीत, फळ्यांच्या कडांना ओळीने भोकं पाडून दोरीने शिवलंय. सम्राटाचं राज्य आलं, मोठं देऊळ आलं, तरी लिबर्नियन सुतार आपल्या आजोबांसारखीच होडी शिवत राहिला.

काचेपलीकडे ती भोकं बघताना मला गोवा आठवला. अजिंठ्याच्या लेण्यात जहाजाचं चित्र आहे ना, त्यावरून ५व्या शतकातल्यासारखं जहाज गोव्यात बांधलं, लाकडी फळ्या काथ्याने शिवून. आयएनएसव्ही कौंडिण्य. २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं. दोन समुद्र, एकमेकांशी संबंध नसलेले सुतार, आणि टाका तोच. शिवलेली होडी लाटेवर थोडी लवते, वाळूवर ओढली तरी तडकत नाही. मात्र दोरी कुजते, ठरावीक काळाने उसवून परत शिवावी लागते.

खारेवारे

@दर्यावर्दी, संग्रहालयात आम्ही गेलो होतो आणि ती भोकं मी पाहिलीच नाहीत! होडी म्हणजे होडी असं म्हणून पुढे गेले. आता परत जाणं आलं.

जुनाजाणता

रोमन विषय निघालाच आहे तर, ज्यांना एवढ्या लांब जायचं नाही त्यांनी कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात जावं. कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली, पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी काशाची मूर्ती तिथे आहे. रोमन व्यापारातून आलेली. एड्रियाटिकच्या काठी ज्या देवाला खलाशी नवस बोलत, तो पंचगंगेच्या काठी निघाला. धाराशिवजवळचं तेर म्हणजे तेव्हाचं तगर, तिथल्या संग्रहालयातही रोमन संबंधाच्या वस्तू आहेत. आपल्या कल्याण, सोपारा, चौलची नावं त्या काळच्या ग्रीक खलाशांच्या टिपणांत येतात. आपल्याकडे खांब उभे नाहीत म्हणून काही नव्हतं असं समजू नये.

दगडफोड्या

काका, यावर वेगळा धागा काढा. इथे सगळं वाहून जाईल.

जुनाजाणता

काढतो. दिवाळीनंतर.

पोटोबा

खाण्याबद्दल एक अक्षर नाही? निषेध.

खारेवारे

मांसाहारींसाठी: शोकोल. डुकराच्या मानेचं मांस मीठ-मसाला लावून सुकवतात, नीनची खासियत. जुलैत त्याची जत्रा पण भरते. मी चाखलं, सासूबाईंनी पाठ फिरवली. शाकाहारींसाठी: ब्लित्वा, म्हणजे चार्डची पालेभाजी आणि बटाटा, लसूण आणि ऑलिव्ह तेलात. जरा मिरची असती तर अळूची आठवण आली असती. जवळच्या पाग बेटावरचं मेंढीच्या दुधाचं चीज जरूर घ्या, खारट आणि कडक. आम्ही चार रात्रींतल्या दोन रात्री खोलीवर खिचडी लावली, हे कबूल.

आता मिठागर, राहिलं होतं ते. समुद्राचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सोडतात. प्रत्येक वाफ्यात ते आटत, घट्ट होत जातं. शेवटच्या वाफ्यात मीठ बसतं. शांत संध्याकाळी, वारा पडला असेल तर, पाण्यावर तलम साय धरते. ती गाळणीने अलगद काढून घेतात. तिला मिठाचं फूल म्हणतात. बोटावर घेतलं तर पापुद्रा चुरचुरतो आणि विरघळतो. किती सुंदर काम! ऊन, वारा, पाणी, घाई नाही...

आगरकन्या

पहिल्यांदाच प्रतिसाद देतेय. "किती सुंदर काम" वाचून राहवलं नाही, राग मानू नका.

आम्ही उरणकडचे आगरी. आगर पिकवणारे म्हणून आगरी. आजोबांचं मिठागर होतं, आता बंद आहे. उधाणाच्या भरतीला उघाडी (पाण्याचं दार) उघडून खाडीचं पाणी आत घ्यायचं, मग वाफ्यावाफ्याने पुढे. पाण्याचा खारटपणा २५ डिग्रीच्या (बोमे, उष्णतेच्या नव्हे) आसपास आला की मीठ धरतं. आजोबांकडे मोजायची नळी नव्हती, बोट बुडवून चोळून सांगायचे. पण त्याआधी जमीन करावी लागते, ते कुणी सांगत नाही. पावसाळ्यानंतर चिखल काढायचा, बांध घालायचे, वाफ्याचा तळ पायांनी तुडवून तुडवून घट्ट करायचा, नाहीतर मीठ मातीत कालवून येतं. आजीच्या टाचांच्या भेगांत मीठ जायचं. ती रात्री खोबरेल लावून पायाला फडकं बांधून झोपायची.

आणि घाई असते हो. अवकाळीचं एक ढग आलं की सगळी पळापळ, रास झाका, झाका. एका सरीत महिन्याचं पाणी होतं.

तिथे पाऊस आला तर काय करतात, विचारलंत का?

खारेवारे

राग कसला, बरं झालं लिहिलंत. मी फक्त संध्याकाळचा भाग बघून आले होते.

पावसाचं तिथल्या माणसाने सांगितलं होतं, मी लिहायचं टाळलं कारण तो नीट बोलू शकला नाही. ११ सप्टेंबर २०१७ ला झादर भागात ढगफुटीसारखा पाऊस झाला. नीनचे दोन्ही जुने पूल मोडले, मिठागरात पूर आला, पिकलेलं मीठ गेलं आणि वाफ्यांत चिखल बसला. मग स्वयंसेवक आले आणि सगळ्यांनी मिळून चिखल उपसला. पूल नंतर पुन्हा उभे केले. आम्ही बॅगा ओढत गेलो तो बहुधा म्हणूनच इतका नीटनेटका होता.

एक फरक तुमच्या बोलण्यावरून आता लक्षात येतोय. तिथे तुमच्यासारखं उधाण नाही. एड्रियाटिकला भरती-ओहोटी अगदी जेमतेम, फूटभर. आमच्या खिडकीखालचं पाणी चार दिवस जिथल्या तिथे. त्यांची भिस्त वाऱ्यावर. बुरा म्हणून डोंगरावरून कोरडा गार वारा उतरतो. जोरात असला की हायवेवरचा पूल बंद ठेवतात.

आगरकन्या

म्हणजे त्यांच्याकडे वारा, आमच्याकडे चंद्र. आजोबांना तिथीशिवाय मिठागर चालवणं कळलंच नसतं.

एक विचारू? मीठ ओढायला काय वापरतात? फोटो आहे का?

खारेवारे

फोटो धुंडाळले. सगळ्यांत सासूबाई आडव्या आल्यात. कुणी जाणार असेल तर काढून आणा.

शंकासुर

मी आलो जाऊन. सप्टेंबरचा पहिला आठवडा, दोन रात्री. दगडफोड्या आणि खारेवारे दोघंही बरोबर आहेत. पहिल्या दिवशी चाळीस मिनिटांत संपलं, दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला परत गेलो. चिमणीच्या काड्या दिसल्या नाहीत. पडलेल्या दगडावरच्या पानात बोट घालून पाहिलं, जातं. शिवलेल्या होडीची भोकंही मोजायला घेतली, पण संग्रहालयाची बंद व्हायची वेळ झाली. अंगठा घासला. इच्छा सांगत नाही.

@आगरकन्या, तुमच्यासाठी मुद्दाम मिठागरात गेलो. फोटो टाकतोय. दाताळं नाहीये. लांब लाकडी दांडा आणि टोकाला आडवी सपाट फळी. माणूस वाफ्यात उभा राहून फळी तळावर न टेकवता, अगदी तळाच्या वर, हळू हळू कडेला ओढत नेतो. मी एकदा मागून करून पाहिलं. मीठ कमी आणि चिखल जास्त आला. तो हसला.

आगरकन्या

फोटो बघितला. आईला दाखवला. ती म्हणाली, दांडा आपल्यापेक्षा लांब आहे, फळी तीच.

आमची माळ्यावर आहे. या रविवारी काढते.